जागतिक प्रार्थना दिनाचा उपासना संच : मराठी महिला मंडळांच्या हाती कितपत कामाचा?

मार्चचा पहिला शुक्रवार हा जागतिक प्रार्थना दिन. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया एकत्र बसून उपासनाक्रम लिहितात आणि शंभराहून अधिक देशांतल्या स्त्रिया त्या दिवशी तोच क्रम हाती घेऊन प्रार्थना करतात. २०२० झिंबाब्वे, २०२१ वनुआतू, २०२२ इंग्लंड-वेल्स-उत्तर आयर्लंड, २०२३ तैवान, २०२४ पॅलेस्टाइन, २०२५ कुक बेटे, २०२६ नायजेरिया, अशी ही अलीकडची माळ. या क्रमासोबत पूरक साहित्याचा संच येतो; या सात वर्षांचे संच समोर ठेवून हे परीक्षण केले आहे. मराठीत उपासना करणाऱ्या चर्चच्या महिला मंडळाला यातले काय जसेच्या तसे वापरता येते, मेहनत कुठे पडते आणि फसगत कुठे होते, एवढेच पाहायचे आहे.

आशयाला पूर्ण गुण. तयार वस्तू म्हणून मात्र निम्मेच, कारण पाकीट उघडले आणि वाचायला उभे राहिले, असे मराठीत होत नाही. सहा आठवडे आणि भाषांतराला तीन जणी हाताशी असतील तर हा संच सोने आहे. आदल्या रविवारी उघडला तर त्याची अडखळत केलेली वाचासभा होते.

संचात साधारण सहा गोष्टी असतात : उपासनाक्रम, बायबल अभ्यास, लिहिणाऱ्या देशाची ओळख, मुलांसाठी कार्यक्रम, त्या देशातल्या चित्रकाराने काढलेले चित्र आणि त्याचे टिपण, शिवाय गाणी. काही देशांच्या समित्या पुस्तिका छापून विकतात, काही फाइल वेबसाइटवर मोफत ठेवतात. विकत घेण्याआधी मोफत फाइल मिळते का ते पाहावे. भाषांतरासाठी छापील पुस्तिकेपेक्षा फाइलच सोयीची पडते.

या चळवळीचा इतिहास मंडळात सांगायचा असेल तर चार सनांत सांगता येतो. १८८७ मध्ये ब्रुकलिनच्या प्रेस्बिटेरियन मेरी एलन फेअरचाइल्ड जेम्स यांनी स्त्रियांना प्रार्थनेच्या दिवसाची हाक दिली. १९२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या स्त्रियांनी एकच दिवस ठरवला, तो उपवासकाळातला (ईस्टरआधीच्या लेंटमधला) पहिला शुक्रवार. १९२७ पासून तो जगाचा झाला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक स्त्रिया सामील झाल्या आणि १९६९ पासून तारीख मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आली. तीन मिनिटांत हे होते. याहून जास्त वेळ इतिहासाला देऊ नये, कारण खरा वेळ लागतो तो पुढच्या भागाला.

तो भाग म्हणजे देशाची ओळख, आणि त्याला जोडून उपासनेत येणारी स्त्रियांची कथने. संचातला सर्वांत कसदार ऐवज हाच. या चळवळीचे ब्रीद आहे ‘माहिती घेऊन प्रार्थना, प्रार्थना करून कृती’. क्रम नीट पाहावा : आधी माहिती. कुक बेटे म्हणजे पंधरा बेटे, १९६५ पासून न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात राहून स्वतःचा कारभार पाहणारा देश, आणि तिथली जेवढी माणसे बेटांवर राहतात त्यांहून अधिक न्यूझीलंडमध्ये. हे एकदा कळले की ‘दूर गेलेल्या लेकरांसाठी’ केलेल्या प्रार्थनेतले दुःख कळते. वनुआतूच्या स्त्रियांनी ‘मजबूत पायावर बांधा’ हा विषय घेतला तेव्हा त्यांच्या संसदेत एकही स्त्री नव्हती आणि २०१५ च्या पाम चक्रीवादळाच्या खुणा ताज्या होत्या. वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला तिथे नुसता दाखला राहत नाही.

मराठी मंडळांत सर्रास होणारी चूक इथेच होते. वेळ कमी पडतो म्हणून कात्री लागते ती देशाच्या ओळखीला आणि कथनांना. उरतात स्तुती, कबुली, वचन आणि आशीर्वाद, म्हणजे कोणत्याही शुक्रवारी चालेल अशी उपासना. वाचलेल्या वेळात मग पाहुण्यांचे सत्कार आणि वीस मिनिटांचा संदेश बसवला जातो. हे उलट करावे. संदेश वगळला तरी चालतो. संचातला बायबल अभ्यास आठवडाभर आधी मंडळाच्या बैठकीत घेतला की त्याची भरपाई होते. कथने मात्र वगळू नयेत. ज्या बाईने स्वतःचे दुःख लिहून पाठवले आहे, तिला मधल्या मध्ये गप्प करण्याचा हक्क आपल्याला नाही.

२०२४ च्या पॅलेस्टाइनच्या संचाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. मजकूर काही काळ आधी लिहून होतो आणि मध्ये जग बदलते. त्या वेळी ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या इस्राएलवरील हल्ल्यानंतर जर्मनीच्या समितीने मुखपृष्ठाचे चित्र मागे घेतले आणि उपासनाक्रमाची सुधारित आवृत्ती काढली. मूळ क्रमात तीन स्त्रियांची कथने होती; एकात पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अकलेह यांच्या मृत्यूचा, त्यांच्या भाचीच्या तोंडून आलेला उल्लेख होता. अशा वर्षी काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे : जोडावे, कापू नये. बदललेल्या परिस्थितीसाठी मध्यस्थीच्या प्रार्थनेत चार ओळी घालाव्यात, सर्व बाजूंच्या मृतांची आठवण करावी. पण लिहिणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत पोचवावे.

आता भाषांतर. पहिला नियम असा की विषयवाक्य स्वतः भाषांतरित करायचे नाही. ते बहुधा वचनावरून घेतलेले असते, आणि ते वचन मराठी पवित्र शास्त्रात आधीच आहे. २०२० च्या झिंबाब्वेच्या विषयात इंग्रजीत ‘चटई’ या अर्थाचा शब्द होता. मराठी योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, ‘ऊठ, आपली बाज उचलून चाल.’ फलकावर चटई आणि वाचनात बाज असे झाले की ऐकणारी गोंधळते. वचनातला शब्द धरावा, आणि चित्रात चटई दिसत असेल तर निवेदिकेने एका वाक्यात खुलासा करावा. २०२२ चा विषय यिर्मया २९ वरचा; त्याचेही तसेच. इंग्रजीवरून थेट उतरवले तर ‘योजना’ येते, आणि तो शब्द आज कानाला सरकारी वाटतो. वचनात ‘संकल्प’ आहे, तोच घ्यावा.

२०२६ चा विषय मत्तय ११:२८-३० वरचा आहे आणि मराठीला तो फार जवळचा आहे. वचनात ‘विसावा’ हा शब्द आहे. त्याच्या जागी ‘विश्रांती’ किंवा ‘आराम’ घालू नये. पालखी वाटेत थांबते त्या जागेलाही आपण विसावा म्हणतो. थांबायचे, दम घ्यायचा, आणि पुन्हा चालायचे. कष्टकरी बाईला येशू जे देतो ते हेच, कारण लगेच पुढे तो जू घ्यायला सांगतो आणि ते सोयीचे आहे म्हणतो. जू एकट्याच्या मानेवर नसते, जोडीच्या मानेवर असते, हे गावाकडच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही. शहरी मंडळात मात्र एक वाक्य खर्चावे. इंग्रजी विषयात ‘या’ हा शब्द शेवटी आहे आणि वचनात तो आधी येतो. फलकावर ‘मी तुम्हांला विसावा देईन, या’ असे लिहिले तर दोन्ही साधतात.

२०२५ च्या विषयात वेगळीच खोच होती. १३९ व्या स्तोत्रात माणूस देवाला म्हणतो की माझी घडण अद्भुत आहे. कुक बेटांच्या स्त्रियांनी आवाज उलटा केला : देवच म्हणतो, मी तुम्हांला अद्भुत घडवले. ज्यांनी वचनावरून विषय ‘दुरुस्त’ केला त्यांनी ही मुद्दाम केलेली उलटापालट घालवली. म्हणजे पहिल्या नियमालाही अपवाद आहे : विषयवाक्य वचनाशी जुळत नसेल तर आधी तपासावे की ती चूक आहे की हेतू.

मग येते लिंग. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही, मराठी क्रियापदाला आहे. २०२४ च्या विषयात ‘मी तुम्हांला विनवतो’ असे म्हणतो तो पौल. वाचनात ते तसेच राहावे. पण प्रतिसादात स्त्रिया हेच वाक्य एकमेकींना म्हणू लागल्या की ‘विनवतो’ खटकते आणि ‘विनवते’ केले तर उपस्थित पुरुष अडतात. सोपा उपाय अनेकवचनाचा : ‘आम्ही तुम्हांला विनवतो.’ वर्तमानात ‘आम्ही विनवतो’ आणि भूतकाळात ‘आम्ही आलो’ दोघांनाही चालते. कथने मात्र स्त्रियांनीच वाचावीत, कारण तिथे ‘मी शिकवते’, ‘मी राहिले’ हे बदलून भागत नाही. उपासनेला पुरुष येतात, यावेतही. चालवायची ती स्त्रियांनी.

याहून जास्त चुका ‘आम्ही’ आणि ‘आपण’मध्ये होतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे भाषांतर करणारी पानभर एकच रूप वापरते आणि मग ‘हे प्रभू, आपण पाप केले आहे’ असले भयंकर वाक्य छापले जाते. देवाशी बोलताना ‘आम्ही’, एकमेकींशी बोलताना ‘आपण’. कबुली, उपकारस्तुती, मध्यस्थी यांत ‘आम्ही’. ‘चला, आपण गाऊ या’ इथे ‘आपण’. छपाईआधी एक जणीने फक्त एवढेच तपासत सगळा क्रम वाचावा. देवाला ‘तू’ म्हणायचे की ‘आपण’ हेही आधीच ठरवावे. आमची शिफारस ‘तू’ची, एक तर आपल्या गीतांत तोच आहे आणि वरचा घोळही टळतो.

परकी नावे आधी मोठ्याने म्हणून पाहावीत. कुक बेटांचे अभिवादन ‘किया ओराना’, नायजेरियातले समाज हाऊसा, योरुबा, इग्बो. वाचणारीच्या प्रतीत देवनागरीत उच्चार लिहून द्यावेत. अडखळलेले नाव ऐकून कोणी हसले की त्या कथनाचा परिणाम तिथेच जातो.

लांबीचा अंदाज चुकतो तो नेहमी एकाच दिशेने. सभेत सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचायचे तर मिनिटाला शंभर शब्द धरावेत. भाषांतर झालेले शब्द मोजून शंभराने भागले की वाचनाची मिनिटे मिळतात. त्यात प्रत्येक गाण्याला चार मिनिटे, दानार्पणाला पाच आणि शांततेच्या जागांना एकेक मिनिट मिळवावे. बेरीज पंचाहत्तर मिनिटांपलीकडे गेली तर सर्वांनी मिळून म्हणायचे प्रतिसाद छोटे करावेत. सामूहिक प्रतिसाद एका ओळीचा असेल तर लोक मान वर करून म्हणतात. तीन ओळींचा असेल तर कागदात डोके घालून पुटपुटतात.

छपाईचे गणित सोपे आहे. ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. बारा पानी पुस्तिकेला तीन कागद, शंभर प्रतींना तीनशे. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नको, कारण या उपासनेला येणाऱ्यांत आज्यांची संख्या मोठी असते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि छापखान्याला पीडीएफच द्यावी. वर्डची फाइल दिली आणि तिथे ती जुन्या फॉन्टमध्ये बदलली की रफार सरकतो, जोडाक्षरे तुटतात. ‘सर्व’, ‘प्रार्थना’, ‘ख्रिस्त’, ‘आशीर्वाद’ हे चार शब्द नमुना प्रतीत आधी पाहावेत; बिघडायचे असेल तर तिथे हमखास बिघडते. सर्वांनी म्हणायच्या ओळी ठळक, बाकी साध्या.

गाणी हा मराठी मंडळासाठी संचातला सर्वांत कमकुवत भाग. सोबत येते ती पाश्चात्त्य स्वरलिपी; आपल्याकडे हार्मोनियमवर बसणारीला ती बहुधा वाचता येत नाही. ध्वनिमुद्रण ऐकून चाल बसवता येते, पण शब्द मराठीत बसवताना मात्रा मोडतात. पूर्ण गाणे उतरवण्याच्या भरीला पडू नये. त्यांच्या गाण्याचे ध्रुवपद मूळ भाषेत तेवढे घ्यावे, दोनदा म्हणावे आणि बाकी जागी ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातली विषयाला जुळणारी, सगळ्यांना पाठ असलेली गीते ठेवावीत. एक अनोळखी ध्रुवपद लोक आनंदाने शिकतात. चार अनोळखी गाण्यांत फक्त गायकमंडळ गाते.

वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या (चर्च) एकत्र येणार असतील तर, आणि या दिवसाचा मूळ हेतूच तो आहे, दोन-तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. प्रभूची प्रार्थना प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘कारण राज्य, पराक्रम व गौरव’ या शेवटासह म्हणतात, कॅथलिक भगिनी त्याआधी थांबतात. ठरवले नाही तर अर्धी सभा थांबते, अर्धी पुढे जाते आणि दोघींनाही अवघडल्यासारखे होते. पूर्ण मजकूर पुस्तिकेत छापावा, म्हणजे प्रश्न मिटतो. मार्चचा पहिला शुक्रवार बहुधा उपवासकाळातच येतो. त्या काळात कॅथलिक उपासनेत ‘हालेलूया’ गात नाहीत, म्हणून तो शब्द असलेले गीत वगळावे. नंतरच्या चहाबरोबर मांसाहारी पदार्थ ठेवू नये. वसईसारख्या ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची कॅथलिक भक्ती) असते. तेव्हा दुपारी तीन किंवा चारची वेळ बरी. वाचन कोणत्या भाषांतरातून करायचे हेही ठरवावे. पुस्तिकेत एक आणि वाचणारीच्या हातात दुसरे असे होऊ नये.

या उपासनेत प्रभुभोजन नाही, त्यामुळे पाळक किंवा फादर असलेच पाहिजेत असे नाही. ते आले तर समोर बसावेत. आशीर्वादही क्रमात लिहिलेला असतो आणि तो स्त्रियांनीच म्हणायचा असतो. सवयीने शेवटी पाळकांच्या हाती माइक जातो, तो जाऊ देऊ नये.

चित्राचा वापर आपल्याकडे फारच कमी होतो. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काळेपांढरे छापले की संपले. तैवानच्या चित्रात अंधारात बसून वर पाहणाऱ्या स्त्रिया होत्या, भोवती ऑर्किडची फुले, मिकाडो फेजंट आणि काळ्या तोंडाचा दर्वीमुख पक्षी. वनुआतूच्या चित्रात वादळात लेकरावर वाकून प्रार्थना करणारी आई होती. हे रंगातच पाहायचे असते. एकच मोठी रंगीत प्रत काढून प्रवेशाशी लावावी आणि उपासनेआधी दोन मिनिटे शांतपणे चित्र पाहायला द्यावीत. टिपण नंतर वाचावे. आधी वाचले की डोळे फक्त सांगितलेलेच शोधतात.

मांडणीसाठी संच त्या देशातल्या वस्तू सुचवतो. शोधाशोध आणि खर्च करू नये. नकाशा, एक रंगीत कापड, मेणबत्ती एवढे पुरते. नायजेरियाच्या वर्षी टेबलावर चुंबळ ठेवावी. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बाईला ती तिथेही लागते आणि इथेही. वेशभूषा करून दुसऱ्या देशातल्या स्त्रिया ‘सादर’ करणे मात्र टाळावे. कथन वाचायला साधी साडी आणि तयार केलेला आवाज पुरेसा आहे.

मुलांचा कार्यक्रम बरा आहे, पण मार्चमध्ये परीक्षा असतात. तो शुक्रवारी न ठेवता लगतच्या रविवारी शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या वर्गात) घ्यावा. आठ मार्चच्या महिला दिनाशी तर हा दिवस कधीच जोडू नये. दोन कार्यक्रम एकत्र केले की भाषणे वाढतात आणि प्रार्थना आटोपली जाते.

दानार्पण कशासाठी ते उपासनेत एका वाक्यात स्पष्ट सांगावे : राष्ट्रीय समितीकडे किती, स्थानिक कामाला किती. ‘प्रार्थना करून कृती’ हा ब्रीदाचा अर्धा भाग इथे येतो. रक्कम दोघींनी मोजावी, त्याच दिवशी वहीत लिहावी आणि पुढच्या बैठकीत पावतीसह वाचून दाखवावी.

पुढची तारीख ५ मार्च २०२७. त्या वर्षी उपवासकाळ १० फेब्रुवारीलाच सुरू होतो आणि मंडळ्यांच्या सभांची गर्दी लवकर होते, म्हणून मजकुराचा पहिला मराठी खर्डा जानेवारीच्या अखेरीस हातात असावा, नमुना प्रत १५ फेब्रुवारीपर्यंत आणि सगळ्या वाचणाऱ्यांची माइकसह एक तालीम २ मार्चला.